पानांचा चहा: निवड, कृती आणि दिवसभरातील वेळा

विदर्भातील खेड्यात चहा म्हणजे बहुधा गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी, साखर, चहापत्ती, अद्रक आणि दूध एकत्र उकळून केलेले पेय असते. पहाटे दूध काढून झाल्यावर, वावरात निघण्यापूर्वी, दुपारी निंदणाच्या मजुरांसोबत, पाहुणा दारात आल्यावर आणि संध्याकाळी चौकातल्या ठेल्यावर असे त्याचे दिवसाकाठी पाच-सहा प्रसंग सहज होतात. तो चहा बंद करा, असे येथे सांगायचे नाही. तसे सांगून कोणी ऐकतही नाही. त्या पाच-सहा कपांपैकी दोन कप चांगल्या, अखंड पानांच्या चहाचे करावेत, ते पाण्यात नीट मुरवून बिनदुधाचे घ्यावेत आणि उरलेल्या कपांची वेळ व साखर आवरावी, एवढाच या लेखाचा प्रस्ताव आहे. ज्या घरात चहाच्या वेळा ठरतात, तेथे पाणी, जेवण आणि झोप यांच्या वेळाही फार ओढाताण न करता ठरत जातात, असे माझे मत आहे, आणि म्हणूनच चहाची कृती व रोजच्या सवयी या दोन्ही गोष्टी येथे एकत्र घेतल्या आहेत.

पत्तीची ओळख

काळा चहा असो वा हिरवा, तो एकाच झाडाच्या पानांपासून होतो. त्या झाडाचे शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस. फरक पडतो तो पान खुडल्यानंतरच्या प्रक्रियेमुळे. खुडलेले पान वळले की त्यातील रस हवेच्या संपर्कात येऊन काळपट होतो, आणि ही क्रिया पूर्ण होऊ दिली की काळा चहा तयार होतो. पानाला आधीच वाफ किंवा उष्णता देऊन ती क्रिया थांबवली की हिरवा चहा होतो.

आपल्या किराणा दुकानात मिळणारी दाणेदार चहापत्ती ‘सीटीसी’ या पद्धतीची असते. १९३० च्या दशकात आसाममध्ये पुढे आलेल्या या यंत्रात पान दातेरी रोलरांमधून चिरडले जाते, फाडले जाते आणि त्याची बारीक गोळी वळली जाते. गोळी बारीक असल्यामुळे तिचा रंग आणि कडकपणा मिनिटभरात पाण्यात उतरतो, आणि दूध व साखर पडल्यावरही तो टिकून राहतो. दुधाच्या चहासाठी ही पत्ती योग्यच आहे. अखंड पानांचा चहा मात्र ‘ऑर्थोडॉक्स’ म्हणजे पारंपरिक पद्धतीने, पान फार न फाडता, कोमेजवून आणि वळून तयार करतात. त्याचा रंग हळू उतरतो, सुवास अधिक असतो, आणि तो उकळला तर सुवास उडून जाऊन मागे केवळ तुरटपणा उरतो. कोणीतरी दार्जिलिंगहून भेट म्हणून आणलेली महागडी पत्ती दूध-साखरेत दहा मिनिटे उकळून ‘यात काही दमच नाही’ असे म्हणणारी घरे पुष्कळ आहेत. त्यात पत्तीचा दोष नसतो. तसेच दाणेदार पत्ती दुधाशिवाय मुरवून घेतली तर ती बहुतेकांना कडवट लागते, आणि त्यावरून कोरा चहा आपल्याला जमत नाही असा निष्कर्ष काढला जातो.

पहिल्यांदा घेताना निलगिरीचा किंवा आसामचा ऑर्थोडॉक्स चहा घ्यावा. ज्याला कडक चवीची सवय आहे त्याला आसाम लवकर आवडतो. निलगिरीचा चहा सौम्य असून लिंबासोबत आणि थंड करूनही चांगला लागतो. दार्जिलिंगमध्ये साधारण मार्च-एप्रिलची पहिली खुडणी हलकी व फुलांच्या वासाची, तर मे-जूनची दुसरी खुडणी अधिक भरीव असते, पण ही जिभेला कोऱ्या चहाची ओळख झाल्यावर घेण्याची वस्तू आहे. पाकिटावरील ‘ओपी’, ‘बीओपी’ अशी अक्षरे पानाचा आकार आणि ते अखंड आहे की तुटलेले आहे हे सांगतात. त्यांच्यावरून चवीची खात्री होत नाही.

खरेदी आणि साठवण

एका कपाला सुमारे २ ग्रॅम पत्ती लागते, म्हणजे १०० ग्रॅमच्या पाकिटात ५० कप होतात. हा हिशेब मांडल्याशिवाय पानांचा चहा महाग आहे असे म्हणू नये. याच पानांवर दुसऱ्यांदा पाणी ओतून आणखी एक फिका कप निघतो, तो वेगळाच. सुरुवातीला १०० ग्रॅमच घ्यावेत. पाकिटावर पॅकिंगची तारीख आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक आहे का, ते पाहावे. दार्जिलिंग म्हणून विकल्या जाणाऱ्या चहावर चहाची पाने हाती घेतलेल्या स्त्रीचे गोल चिन्ह असते. दार्जिलिंग चहा हे भारतातील भौगोलिक मानांकन मिळालेले पहिले उत्पादन आहे. नागपूरच्या इतवारीसारख्या ठोक बाजारात किंवा टपालाने थेट बागेकडून असा चहा मागवता येतो, आणि गावातील चार घरांनी मिळून मागवला तर टपालखर्चही विभागला जातो.

आठवडी बाजारात सुटी चहापत्ती घेतली असेल तर ती घरी तपासण्याच्या दोन सोप्या रीती आहेत. पांढऱ्या टिपकागदावर चिमूटभर पत्ती पसरून तिच्यावर पाणी शिंपडावे, काही वेळाने पत्ती झटकून कागद नळाखाली धुवावा आणि उजेडासमोर धरून पाहावा. शुद्ध पत्तीचा डाग राहत नाही, कृत्रिम रंग लावलेल्या पत्तीचे तपकिरी-काळे डाग स्पष्ट दिसतात. दुसरी रीत लोहचुंबकाची. पत्ती काचेच्या ताटलीत पसरून तिच्यावरून चुंबक फिरवला की लोखंडाचा कीस असल्यास तो चिकटून वर येतो.

चहापत्ती आजूबाजूचा वास फार लवकर ओढून घेते. आपल्याकडे तिचा डबा हळद, तिखट आणि मसाल्याच्या डब्यांशेजारी, तोही चुलीच्या वरच्या फळीवर ठेवण्याची रीत आहे, आणि ही जागा तिच्यासाठी सर्वांत वाईट आहे. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, अंधाऱ्या आणि त्यातल्या त्यात थंड कोपऱ्यात ती ठेवावी. पावसाळ्यात ओला चमचा डब्यात जाऊ देऊ नये. फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण डबा बाहेर काढताच आत दव धरते.

पाणी

विदर्भात चहा बिघडण्याचे खरे कारण पुष्कळदा पत्तीत नसून पाण्यात असते. बोअरवेलच्या जड पाण्यात चहा केला की वर तपकिरी साय धरते, रंग मंद होतो आणि सुवास दबतो. पाण्यातील कॅल्शियमचे क्षार आणि चहातील द्रव्ये यांच्या संयोगाने ही साय होते. पाणी आधी पाच मिनिटे उकळून, निवू देऊन, तळाशी बसलेला पांढरा गाळ सोडून वरचे पाणी घेतले तर जडपणाचा काही भाग कमी होतो. कपात लिंबाचे दोन-चार थेंब पिळले तरी साय धरत नाही.

अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्याची गोष्ट वेगळी आहे. तेथील भूजलातील खारटपणा उकळल्याने जात नाही; उलट पाणी आटल्यामुळे तो वाढतो. तेथे पानांच्या चहासाठी नळयोजनेचे, आरओच्या कॅनचे किंवा साठवलेले स्वच्छ पावसाचे पाणीच घ्यावे. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतील ज्या गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आढळले आहे, तेथे आणखी एक काळजी घ्यावी लागते. चहाचे झाड जमिनीतील फ्लोराइड पानांत साठवते, म्हणून अशा गावात कडक चहाचे अनेक कप घेणे दुहेरी भर घालणारे ठरते. फ्लोराइडही उकळल्याने निघून जात नाही.

कृती

एका माणसासाठी १५० ते २०० मिलिलिटर, म्हणजे एक मोठा कप पाणी घ्यावे. पत्तीचे माप चमच्याने घेताना लक्षात ठेवावे की दाणेदार पत्ती जड असते आणि अखंड पाने फुलारलेली असतात. दाणेदार पत्तीचा एक सपाट छोटा चमचा पुरतो तेथे मोठ्या पानांचे दोन चमचेही लागू शकतात. घरात सोन्याच्या तोलाचा छोटा काटा असण्याची गरज नाही. पहिले आठ-दहा कप होईपर्यंत हाताला माप कळते.

वेगळी किटली नसली तरी चालते. झाकण असलेला स्टीलचा गंज आणि बारीक जाळीची गाळणी पुरे. प्रथम कपात आणि ज्या भांड्यात चहा मुरवायचा त्या भांड्यात थोडे गरम पाणी फिरवून ते ओतून द्यावे, म्हणजे भांडे थंड राहून पाण्याची उष्णता खात नाही. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत याचा विशेष उपयोग होतो. मग ताजे पाणी खळखळून उकळू द्यावे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळते, आणि चिखलदऱ्यासारख्या हजार मीटरहून उंच ठिकाणी ते साधारण ९६ अंशांवर उकळते. काळ्या चहासाठी ही दोन्ही तापमाने योग्य आहेत. पाणी उकळताच गॅस बंद करावा, चुलीवर असल्यास गंज खाली उतरवावा, आणि मगच पत्ती टाकून झाकण ठेवावे. पत्ती टाकल्यानंतर जाळ नको. साऱ्या कृतीत पाळण्याजोगा नियम हाच आहे, बाकी सारे कमीजास्त चालते.

काळा चहा तीन मिनिटे मुरू द्यावा. दार्जिलिंगच्या पहिल्या खुडणीला अडीच मिनिटे पुरतात, आसामला चार मिनिटेही चालतात. वेळ झाली की पूर्ण चहा गाळून घ्यावा. पाने पाण्यात तशीच राहू दिली तर दुसरा पेला पहिल्यापेक्षा कडू होतो. चहा फिका वाटला तर पुढच्या वेळी पत्ती वाढवावी, मिनिटे वाढवू नयेत, कारण मिनिटे वाढवल्याने बळ कमी आणि तुरटपणा जास्त येतो. हिरव्या चहासाठी पाणी उकळून चार-पाच मिनिटे उघडे निवू द्यावे, म्हणजे ते ८० अंशांच्या जवळ येते, आणि दोन मिनिटांत गाळावे. दुसऱ्यांदा त्याच पानांवर पाणी ओतताना एक मिनिट अधिक द्यावे. हा दुसरा कप तासाभराच्या आतच करावा, भिजलेली पाने उन्हाळ्यात लवकर आंबतात.

अद्रक, तुळस किंवा अंगणातला गवती चहा घालायचा असेल तर तो पाण्यासोबत आधी उकळून घ्यावा आणि पत्ती नंतर टाकावी. नुसता गवती चहा हे स्वतंत्र गवत आहे, त्यात कॅफीन नसते, त्यामुळे रात्रीच्या वेळेसाठी तो सोयीचा आहे.

गाळल्यावर दोन-तीन मिनिटे थांबावे. ६५ अंशांहून अधिक गरम पेये पिण्याने अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका संभवतो, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नोंदवले आहे. बशीत ओतून, फुंकर घालून चहा पिण्याची जुन्या माणसांची रीत या दृष्टीने मुळीच हसण्यासारखी नाही.

साखर

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत, आणि शक्य तर पाच टक्क्यांच्या आत असावी. २००० कॅलरींचा आहार धरला तर हे प्रमाण अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम येते. सपाट छोट्या चमच्यात सुमारे ४ ग्रॅम साखर मावते. दोन चमच्यांचे पाच कप घेणाऱ्याच्या पोटात केवळ चहातून ४० ग्रॅम साखर जाते, आणि आपल्याकडे चमचा सपाट क्वचितच असतो.

दुधाच्या चहातील साखर एकदम सोडू नये. प्रत्येक पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करावी, जिभेला कळतही नाही. पानांच्या कोऱ्या चहात मात्र पहिल्या दिवसापासून साखर टाळून पाहावी. नीट मुरवलेल्या चहाला तिची गरज कमी भासते. गूळ घातल्याने चहा आरोग्यदायी होतो ही समजूत सोडून द्यावी, कारण गूळ ही मुख्यतः साखरच आहे आणि मधुमेह असलेल्या माणसाने तो साखरेइतकाच मोजून घ्यावा.

वेळा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात जेवणापूर्वी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळण्याचा सल्ला दिला आहे. चहातील टॅनिनसारखी द्रव्ये अन्नातील लोहाशी बांधली जातात आणि ते लोह शरीरात शोषले जात नाही. ज्वारीची भाकर, डाळ आणि पालेभाजी यांतील लोह मुळातच कमी शोषले जाते, आणि आपल्या घरांतील बायांमध्ये रक्ताची कमतरता इतकी सर्रास आढळते की हा एकच नियम पाळला तरी तो मोलाचा आहे. न्याहारीला चहा-पोळी खाण्याची पद्धत याच्या आड येते. तेथे चहा आधी, उठल्यावर पेलाभर पाणी पिऊन आणि काही वेळ जाऊ देऊन घ्यावा, आणि भाकरी किंवा पोळी तासाभराने खावी. रिकाम्या पोटी ज्यांना जळजळ होते त्यांनी पहिला चहा न्याहारीनंतर तासाभराने घ्यावा. जेवणानंतर काही तरी हवेच असेल तर हंगामात संत्रे खावे. त्यातील क जीवनसत्त्व लोहाच्या शोषणाला मदत करते. लिंबूही तेच काम करते.

आशाताईंनी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राने दिलेली लोहाची गोळी चहासोबत कधीही घेऊ नये. ती पाण्यासोबत किंवा लिंबूपाण्यासोबत घ्यावी. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्यांनी लोहाची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये, कारण त्यांच्यातील रक्तक्षयाचे कारण वेगळे असते. शरीरातील पाणी कमी होणे त्यांच्यासाठी विशेष घातक असल्याने तहान लागल्यावर चहावर भागवणे त्यांनी कटाक्षाने टाळावे.

वरील मार्गदर्शनात दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा सांगितली असून चहाच्या एका कपात ते साधारण ३० ते ६५ मिलिग्रॅम असते. गरोदर स्त्रीने २०० मिलिग्रॅमच्या आत राहावे, म्हणजे दोन-तीन कपांहून पुढे जाऊ नये. लहान मुलांना चहात टोस्ट बुडवून देणे बंद करावे. त्यांच्या पेल्यात दूध असावे.

घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीरातून जायला प्रौढ माणसाला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या चहाचा निम्मा अंश रात्री अकरालाही शिल्लक असतो. यावरून शेवटचा कप चारच्या आत घ्यावा असे सहज सांगता येईल, पण रब्बीत गहू-हरभऱ्याच्या ओलितासाठी ज्याच्या वाट्याला रात्रीची वीज येते, त्याला हा नियम कसा लागू करायचा? त्याने वेळ घड्याळावरून न ठरवता झोपेवरून ठरवावी. पहाटे चारला घरी येऊन झोपायचे असेल तर रात्री दहाचा कप शेवटचा धरावा, आणि त्यानंतर थर्मासमध्ये गवती चहा किंवा गरम पाणी न्यावे. अंधारात पाण्याच्या पाटावर, विंचू-सापाच्या वाटेवर जागे राहणे गरजेचे असते, तेथे झोप घालवणारा एक कप योग्यच आहे. चूक होते ती पहाटे परत येताना ठेल्यावर घेतलेल्या कपाने.

ठेला आणि खर्रा

चौकातला चहा एकटा येत नाही. चहा संपला की पन्नीत सुपारी-तंबाखू घोटली जाते आणि हा खर्रा तोंडात जातो, अशी ही जोडी पक्की झाली आहे. खर्रा सोडू पाहणाऱ्याला सर्वाधिक ओढ चहानंतरच्या पाच मिनिटांत जाणवते. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे संध्याकाळचा कप घरी, पानांचा आणि हळू पिण्याचा ठेवावा आणि त्यानंतर लगेच चूळ भरून बडीशेप किंवा भाजलेले चणे तोंडात टाकावे. मित्रांना भेटायचेच असेल तर चहा घरून पिऊन जावे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक निःशुल्क आहे. कोरा चहा पिण्याने खर्ऱ्याचे नुकसान भरून निघते, असा प्रचार कोठे ऐकला तर त्यावर विश्वास ठेवू नये.

उन्हाळ्यात

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा गरम चहा सकाळी एकदाच घ्यावा. दुपारसाठी निलगिरीचा चहा थंड करून ठेवता येतो. एक लिटर उकळत्या पाण्यात १० ग्रॅम पत्ती टाकून चार मिनिटांनी गाळावे, निवल्यावर झाकून माठाशेजारी ओल्या फडक्यात किंवा फ्रिजमध्ये ठेवावे, पिताना लिंबू पिळावे आणि फ्रिज नसेल तर त्याच दिवशी संपवावे. बाटलीत गार पाणी आणि पत्ती घालून ती उन्हात ठेवण्याची एक पद्धत हल्ली दाखवली जाते. कोमट पाण्यात जंतू वाढतात, म्हणून ती आपल्याकडच्या उन्हाळ्यात करू नये.

हा थंड चहा चवीसाठी आहे. वावरात घाम गाळणाऱ्याला पाण्यासोबत मीठही लागते, आणि ते ताक, मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी किंवा ओआरएस यांतूनच मिळते. कामावर जाताना माणशी किमान दोन लिटर पाणी वेगळे न्यावे आणि तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने प्यावे. घाम येणे थांबून अंग तापले, बोलणे असंबद्ध झाले किंवा भोवळ आली तर त्या माणसाला चहा पाजू नये. सावलीत आडवे करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ वर फोन करून त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.